प्रोव्हान्स (दक्षिण फ्रान्स) - इथे राहून पाहिलेलं, वाचलेलं आणि येणाऱ्यांसाठी थोडं

मनोस्ककर

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी आणि बायको प्रोव्हान्समधे मनोस्क नावाच्या गावात राहतोय. कामाचं ठिकाण म्हणजे इटर प्रकल्प, सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी जमिनीवर करून बघायचा सात भागीदारांचा प्रयोग चाललाय तो, त्यात भारतही आहे, यंत्राभोवतीचं ते अवाढव्य क्रायोस्टॅट (आतला भाग अतिथंड ठेवणारं पोलादी भांडं) आपल्या हजिऱ्यात बनलं आणि तुकड्या-तुकड्यांनी इथे आलं. त्यामुळे या भागात थोडी मराठी घरं आहेत आणि दर उन्हाळ्यात कुणाकडे ना कुणाकडे पाहुणे असतात. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, लव्हेंडर कुठेय? मग व्हालांसोलच्या पठारावर जायचं, जांभळ्या शेतात फोटो काढायचे, दुसऱ्या दिवशी नीसची गाडी पकडायची. त्यांना सोडून घरी आलो की दर वेळी चुटपुट लागते की अरे एवढं सगळं दाखवायचं राहिलं. म्हणून हा धागा. जमेल तसं लिहितो, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

आधी नाव. रोमन लोकांनी आल्प्सच्या या बाजूला जो प्रांत केला त्याला ते नुसतंच 'प्रोव्हिंसिया' म्हणत, म्हणजे प्रांत, तेच घासत घासत प्रोव्हान्स झालं. पण रोमन यायच्या कितीतरी आधी, इ.स.पू. ६०० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या फोसिया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले आणि त्यांनी मासालिया वसवलं, तेच आजचं मार्से, आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस. दंतकथा अशी की ते उतरले त्याच दिवशी इथल्या टोळीप्रमुखाच्या मुलीचं, जिप्तिसचं, चक्क स्वयंवर होतं आणि तिने हातातला पेला आपल्या लोकांपैकी कुणाला न देता या परक्या प्रोतिसच्या हातात ठेवला. मार्सेच्या लोकांना पेपरात अजूनही 'फोसियन' म्हणतात. २६०० वर्षं झाली तरी गावाने आपले पाहुणे विसरलेले नाहीत, मला हे फार आवडतं.

रोमनांचं म्हणाल तर त्यांनी इ.स.पू. १२२ मधे गरम पाण्याचे झरे बघून एक्स हे शहर वसवलं, आर्लमधे पहिल्या शतकाच्या शेवटी वीसेक हजार माणसं बसतील एवढं अँफीथिएटर बांधलं, ओरांजला नाट्यगृह. ओरांजची रंगमंचामागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच, अजून उभी आहे, तिच्यासमोर बसून आजही ऑपेरा ऐकता येतो. आर्लची गोष्ट मात्र वेगळीच. रोमन गेले, धामधूम माजली, तेव्हा लोकांनी त्या अँफीथिएटरची कमानीची भोकं बुजवली, त्यावर चार बुरूज चढवले आणि आत जाऊन राहिले. दोनशेच्या वर घरं, देऊळ म्हणजे चर्चं, गल्ल्या, सगळं त्या गोलात. १८२५ नंतर ती घरं पाडून मूळ वास्तू मोकळी केली. त्यातले तीन बुरूज अजून आहेत, वर चढून बघा, खाली रिंगण आणि समोर रोन नदी. किल्ल्यात गाव आपण बघितलेलं असतं, इथे अख्खं गाव स्टेडियममधे राहत होतं.

आता वारा. प्रोव्हान्स कळायचं असेल तर आधी मिस्त्राल अंगावर घ्यावा लागतो. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा थंड कोरडा वारा, जोर धरला की ताशी १०० किलोमीटरच्याही वर जातो, आणि एकदा लागला की दिवसेंदिवस थांबत नाही. पण तोच ढग पळवून लावतो, म्हणून इथलं आकाश असं धुतल्यासारखं निळं. नीट बघितलं तर सगळा मुलूख या वाऱ्याच्या हिशोबाने बांधलाय. जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकीच नसते. शेताच्या कडेला सुरूच्या (सायप्रसच्या) दाट रांगा. चर्चच्या घंटेवर दगडी कळस नाही, लोखंडी पिंजरा, म्हणजे वारा आरपार जावा. व्हॅन गॉग आर्लला आला तो फेब्रुवारी १८८८ मधे आणि या वाऱ्यात चित्रं काढायची म्हणून इझलचे पाय जमिनीत खुंट्या मारून बांधायचा. पुढे मे १८८९ पासून वर्षभर तो सें-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, तिथली चित्रं बघा, सुरू, गहू, आकाश, सगळं हलतंय. पुस्तकात बघताना मला ते त्याच्या मनातलं वादळ वाटायचं. इथे पहिल्यांदा मिस्त्राल सुटला आणि खिडकीतून सुरूची झाडं बघितली तेव्हा कळलं की तो समोर दिसतंय तेच काढत होता.

आज एवढंच. पुढचं प्रतिसादांत. प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

.........

तिखटमीठ

वा, मस्त सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि फोटो टाका की हो!

.........

सातारी कंदील

छान लिहिताय. एक विचारायचं होतं, सावरकरांची उडी ती याच मार्सेलिसला ना? तिथे काही स्मारक वगैरे आहे का? हेगच्या कोर्टाने सावरकरांच्या बाजूने निकाल दिला होता असं लहानपणी ऐकलंय.

.........

मनोस्ककर

हो, तेच मार्से. मोरिया बोट ७ जुलै १९१० ला बंदराला लागली आणि ८ जुलैच्या सकाळी त्यांनी शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली. पोहत धक्क्यावर चढले, पळाले, पण फ्रेंच पोलिसाने धरलं आणि मागून येणाऱ्या इंग्रजांच्या माणसांच्या ताब्यात दिलं. काही मिनिटांचा सगळा खेळ. खरं तर पाय फ्रान्सच्या जमिनीला लागले होते, तिथून परत न्यायला फ्रान्सची परवानगी हवी होती, त्यावरून इकडे केवढा गदारोळ झाला. समाजवादी पुढारी जाँ जोरेस आणि कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे यांनी हे प्रकरण लावून धरलं.

निकालाचं मात्र उलटं आहे. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला सांगितलं की पकडून देण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैद्याला परत करायचं बंधन ब्रिटनवर नाही. आणि तोवर मुंबईत दोन्ही जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या, दुसरी ३० जानेवारीला.

मी जागा शोधायला दोनदा गेलोय. आपले लोक व्ह्यू-पोरला, म्हणजे जुन्या बंदरावर, उभे राहून फोटो काढतात, ते बंदर सुंदरच आहे, पण त्या काळात मोठ्या आगबोटी उत्तरेच्या बाजूला जोलिएतच्या गोद्यांत लागायच्या. मला कुठे पाटी दिसली नाही. आता तिथून कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या फेरी सुटतात. कठड्याजवळ उभं राहिलं आणि खाली पाणी बघितलं की पोटात गोळा येतो, एवढंच सांगतो.

.........

रेल्वेकट्टा

यात भर. त्या काळी मुंबईहून विलायतेला जाणारे बरेच लोक मार्सेलाच उतरायचे आणि आगगाडीने फ्रान्स ओलांडायचे, कारण बोट पुढे स्पेनला वळसा घालून जायची त्यात आठवडाभर जास्त जायचा आणि बिस्केच्या उपसागरात हाल व्हायचे ते वेगळेच. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले ते राजपुताना बोटीने, ११ सप्टेंबर १९३१ ला मार्सेला उतरले. आणि त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मधे हिंदी फौज फ्रान्समधे उतरली ती याच बंदरात. थंडीचे कपडे नव्हते पोरांकडे. शहराच्या दक्षिणेला माझार्गची युद्ध दफनभूमी आहे, तिथे दहन झालेल्या हिंदी शिपायांचं वेगळं स्मारक आहे. जाणाऱ्यांनी अर्धा तास काढून जरूर जा, कुणी जात नाही तिकडे.

गेल्याच्या गेल्या वर्षी कामानिमित्त गेलो होतो तेव्हा पॅरिसहून तेजेव्हेने, म्हणजे तिकडच्या अतिवेगवान आगगाडीने, गेलो, सव्वातीन तासात मार्से. २००१ मधे ती नवी लाईन झाली. स्टेशनाबाहेर आलं की समोर एकदम भव्य पायऱ्या आणि टोकाला डोंगरावर सोनेरी मूर्तीवालं नोत्रदाम द ला गार्द चर्च.

.........

मनोस्ककर

@रेल्वेकट्टा धन्यवाद, माझार्गचं लिहायचं राहूनच गेलं होतं. त्या सोनेरी मूर्तीला मार्सेचे लोक 'बॉन मेर' म्हणतात, म्हणजे आपली चांगली आई. आत छताला जहाजांची छोटी मॉडेल्स टांगलीयत, वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडलेले. आता मार्सेला भारताचा वाणिज्य दूतावासही झालाय, फेब्रुवारी २०२५ मधे उद्घाटन झालं, आम्हाला त्याने फार सोय झाली.

.........

नारिंगी_वाट

मी नेदरलँड्समधे राहते. ओरांजचं नाव आलं म्हणून लिहिते. इथे २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवसाला अख्खा देश नारिंगी कपडे घालतो आणि ते नारिंगी आलंय त्या प्रोव्हान्समधल्या छोट्या गावावरून! ओरांज हे आधी स्वतंत्र छोटं संस्थान होतं, १५४४ मधे वारसाहक्काने ते नासाऊच्या विल्यमकडे आलं, त्याच्याच नेतृत्वाखाली डच लोक स्पेनविरुद्ध उठले. १७१३ च्या तहात गाव फ्रान्सला गेलं पण घराण्याने नाव सोडलं नाही. गावाच्या नावाचा फळाशी मुळात संबंध नाही, ते जुन्या आराउसियो वरून आलंय. मागच्या वर्षी मुद्दाम गेलो होतो, गाव तसं शांत, पण ती भिंत!! चौदावा लुई म्हणाला होता म्हणे की ही माझ्या राज्यातली सगळ्यात देखणी भिंत. मुलगी वरच्या पायरीवर बसली आणि मी रंगमंचावरून अगदी हळू 'शुभं करोति' म्हटलं, तिला वर शब्द न् शब्द ऐकू आला.

.........

डोंगरवेडा

आम्ही चौघे मागच्या ऑक्टोबरात कालांकचा ट्रेक करून आलो. मार्से ते कासी किनाऱ्याने पांढऱ्या चुनखडकाचे कडे आणि मधे मधे आत घुसलेल्या निळ्याशार खाड्या, त्यांना कालांक म्हणतात, २०१२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आँ-व्हो नावाच्या कालांकला वरून खाली बघितलं आणि अर्धा तास कुणी काही बोललं नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक सूचना, आपला काळा बसाल्ट पायाला धरतो, इथला चुनखडक पाय लागून लागून फरशीसारखा गुळगुळीत झालाय, उतरताना फार जपायचं, आमचा एक जण चांगलाच आपटला. पाणी वाटेत कुठेही नाही, माणशी दोन-तीन लिटर घ्याच. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे वाटा बंद करतात, आदल्या दिवशी संध्याकाळी कळतं, आणि स्युजितों या कालांकला गर्दीच्या दिवसांत आधी नाव नोंदवावं लागतं, पैसे नाहीत पण दिवसाला ४०० च लोक. कडक वाटेल पण माती वाहून झाडांची मुळं उघडी पडली होती म्हणून केलंय, बरोबरच आहे.

अजून एक. पार्किंगमधे गाडीत काहीही ठेवू नका, अगदी जॅकेटसुद्धा. आमच्या भाड्याच्या गाडीची काच फोडून मागच्या सीटवरची सॅक नेली, त्यात दोघांचे पासपोर्ट. पुढचे दोन दिवस कागदपत्रांत गेले.

आणि त्या कड्यांच्या खाली एक गुहा आहे, कोस्केर, तिचं तोंड समुद्रात ३७ मीटर खोल. आँरी कोस्केर नावाच्या पाणबुड्याला सापडली, १९९१ मधे जाहीर झालं. आत घोडे, हातांचे ठसे आणि चक्क पेंग्विनसारखे दिसणारे पक्षी रंगवलेत, २७ हजार वर्षांपूर्वीपासूनचे. तेव्हा हिमयुग होतं, समुद्र बराच खाली होता, माणूस चालत आत जायचा. खऱ्या गुहेत जाता येत नाही पण मार्सेत २०२२ पासून हुबेहूब प्रतिकृती आहे, ट्रेकच्या आधी बघा, मग कडे वेगळेच दिसतात.

.........

मनोस्ककर

काच फोडल्याचं वाचून वाईट वाटलं. हे इथे होतं हे खरंय, सगळ्यांनी लक्षात ठेवा.

कासी चं स्पेलिंग बघून बरेच लोक कासिस म्हणतात, गावचे लोक कासी च म्हणतात. आईला पहिल्यांदा घेऊन गेलो तेव्हा म्हणाली काशी झाली बाई माझी.

.........

शब्दवेडी

सगळे जागांबद्दल बोलतायत, मला भाषेचं विचारायचंय. तिथली वेगळी भाषा होती ना? ती आता कुणी बोलतं का?

.........

मनोस्ककर

शब्दवेडी ताई, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय, थोडं लांबेल.

दक्षिण फ्रान्सची भाषा म्हणजे ओक्सितान, 'हो' ला तिकडे 'ओक' म्हणत म्हणून तिला ओक ची भाषा म्हणतात, आणि प्रोव्हान्समधला तिचा प्रकार म्हणजे प्रोव्हांसाल. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपात प्रेमकविता करायची तर याच भाषेत, इथले त्रुबादूर कवी दरबारा-दरबारात जात आणि इटलीचे कवीसुद्धा त्यांच्याकडून शिकले. मग १४८१ मधे प्रोव्हान्स फ्रान्सच्या राजाकडे गेलं, १५३९ च्या फर्मानाने कोर्टकचेरीत फ्रेंच आलं, आणि पुढे सक्तीचं शिक्षण आलं तेव्हा शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या पोराला शिक्षा व्हायची. हातात लाकडाचा तुकडा वगैरे द्यायचे, दुसरा कुणी चुकून घरची भाषा बोलला की तो त्याच्याकडे, संध्याकाळी ज्याच्याकडे तुकडा त्याला मार. मुलांनी मुलांवर पाळत ठेवायची. दोन-तीन पिढ्यांत आजीने नातवाशी त्या भाषेत बोलणं सोडलं.

याच्या विरुद्ध उभा राहिला फ्रेदेरिक मिस्त्राल, वाऱ्याचं नाव तेच या कवीचं आडनाव. जन्म १८३०, मायान नावाच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. त्याने आईच्या भाषेत लिहायला घेतलं. १८५४ मधे सहा मित्रांबरोबर फेलिब्रिज ही संस्था काढली, १८५९ मधे मिरेयो हे मोठं काव्य, मग वर्षानुवर्षं खपून शब्दकोश, दोन जाडजूड खंड, त्यात म्हणी, मासे, हत्यारं, वाऱ्यांची नावं सगळं. १९०४ मधे नोबेल मिळालं, एका स्पॅनिश नाटककाराबरोबर विभागून. त्या पैशातून त्याने आर्लमधलं आपलं लोकसंस्कृतीचं संग्रहालय वाढवलं, म्युझिऑन आर्लातेन, पाट्या त्याने प्रोव्हांसालमधे लिहिल्या. तिथे बाळंतिणीची खोली जशीच्या तशी मांडलीय, बाळाला बघायला आलेल्या बायका भेट घेऊन उभ्या, अंडं, मीठ, ब्रेड, काडी. प्रत्येकीच्या हातातल्या वस्तूला अर्थ आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आता बोलणारे खूप कमी राहिलेत. गावाच्या वेशीवर पाटी दोन भाषांत असते, एक्समधे गल्ल्यांची नावं पण दोन्हीत. आमच्या शेजारचे ८४ वर्षांचे आजोबा माझ्याशी फ्रेंच बोलतात पण कुत्र्याशी आणि टोमॅटोच्या रोपांशी प्रोव्हांसाल बोलतात. मी मुलीशी मराठी बोलताना ते लक्ष देऊन ऐकत असतात. एकदा म्हणाले, थांबू नकोस.

.........

शब्दवेडी

शेवटचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझी आजी मालवणीत बोलायची, आईने आम्हाला शाळेत हसतील म्हणून शिकवली नाही.

.........

तिखटमीठ

वाचनखूण साठवली. आज रात्री परत वाचणार सगळं.

.........

जिप्सी_पाय

रोमनांबद्दल बोलताना पों द्यु गार कसं विसरलात?! तीन मजली कमानींचा तो जलवाहिनीचा पूल, ४९ मीटर उंच, त्यावरून नीमला पाणी जायचं, पन्नास किलोमीटरच्या वाटेत एकूण उतार फक्त बारा-साडेबारा मीटर. पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर.

.........

मनोस्ककर

विसरलो नाही हो, ते रोनच्या पलीकडे आहे, लांगदोकमधे, म्हणून प्रोव्हान्सच्या धाग्यात घेतलं नाही. पण आविन्योंहून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तेव्हा सोडू नये, अगदी मान्य.

.........

जिप्सी_पाय

ओके. मग माझ्या आवडीचं नक्की प्रोव्हान्समधलं सांगते. माझ्या आयडीवरून लक्षात आलं असेल :) सेंत-मारी-द-ला-मेर. कामार्गमधे, रोनच्या त्रिभुज प्रदेशात, जिथे फ्लेमिंगो, पांढरे घोडे, काळे बैल, मिठागरं आणि भाताची शेतं. हो, भात. गाव समुद्राला टेकलेलं. दर वर्षी २४ मे ला सगळ्या युरोपातले जिप्सी, म्हणजे रोमा लोक, तिथे जमतात त्यांच्या सारा देवीसाठी. चर्चने तिला अधिकृत संत मानलेलं नाही, पण तळघरात तिची काळी मूर्ती आहे आणि तिला साराकाली म्हणतात, रोमानी भाषेत काली म्हणजे काळी.

मी गेले तेव्हा तळघरात इतक्या मेणबत्त्या होत्या की धग सहन होईना. बायका येऊन मूर्तीच्या गालाला हात लावत होत्या, मग तोच हात लेकराच्या डोक्यावरून. आणि मूर्तीला वस्त्रं, एकावर एक, भक्तांनी नेसवलेली, इतकी की फक्त चेहरा दिसतो. दुपारी ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, पुढे मागे पांढऱ्या घोड्यांवर कामार्गचे गुराखी, व्हायोलिन, गिटार, आणि थेट समुद्रात. घोडे छातीपर्यंत पाण्यात, लोक कपड्यांसकट पाण्यात, सगळे ओरडतायत 'व्हीव्ह सेंत सारा'. बुडवत नाहीत, पाण्याशी नेऊन परत आणतात. मी गिरगावात वाढलेली, मला उभ्या जागी काय झालं असेल तुम्ही समजू शकता.

रोमा लोक हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले हे भाषेवरून आणि आता जनुकांवरूनही सिद्ध झालंय. एका म्हाताऱ्या बाईशी मोडक्या फ्रेंचमधे बोलले, कुठून आलीस विचारलं, इंडिया म्हटल्यावर तिने माझं नाक धरलं आणि म्हणाली 'नाक', मग कानाला हात लावून 'कान', मग समुद्राकडे दाखवून 'पानी'. आम्ही दोघी हसत होतो आणि रडत होतो.

.........

सातारी कंदील

अंगावर काटा आला. याच्यासाठी तिकीट काढावं लागणार.

.........

जुईची आई

धागा सुंदर चाललाय. माझा प्रश्न जरा व्यावहारिक आहे. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन येतोय, बाबा ७४, आईचे गुडघे, दोघं पूर्ण शाकाहारी. हातात सहा दिवस. गाडी चालवायची तयारी आहे. काय बघावं, काय सोडावं? आणि खायचं काय??

.........

मनोस्ककर

जुईची आई, सप्टेंबर उत्तम, ऊन मवाळ असतं आणि द्राक्षांची तोडणी चालू असते. लव्हेंडरची आशा मात्र ठेवू नका, व्हालांसोलला जुलैच्या मध्यापासून कापणी सुरू होते, वर सो गावाकडे फार तर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. आणि पठारावर दिसतं ते बहुतेक लव्हांदें, म्हणजे संकर, तेल जास्त देतं. अस्सल लव्हेंडर उंचावर होतं आणि त्याचा वास जास्त हळुवार.

दोनच मुक्काम करा, रोज बॅगा उचलू नका. तीन रात्री आर्ल किंवा सें-रेमी, तीन रात्री एक्स. आर्लला अँफीथिएटर आणि शनिवारचा बाजार, आविन्योंला पोपचा राजवाडा. १३०९ ते १३७७ सात पोप रोमऐवजी इथे राहिले, १३४८ मधे तर पोपने अख्खं शहर नेपल्सच्या राणीकडून ८० हजार फ्लोरिनला विकत घेतलं. राजवाड्यात पायऱ्या भरपूर आहेत, आईंना बाहेरच्या चौकात बसवा, तिथूनच तो डोंगरासारखा दिसतो. 'आविन्योंच्या पुलावर' या फ्रेंच गाण्यातला तो अर्धा तुटका पूल नदीकाठूनच बघा, बावीस कमानींपैकी चार उरल्यात. ल्युबेरोंच्या डोंगररांगेत गोर्द हे गाव गाडीतूनच वरून बघितलं तरी चालेल, पण रुसियोंला उतरा, गेरूच्या खाणींचं गाव, पिवळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग, घरं त्याच मातीने रंगवलेली. छोटी वाट अर्ध्या तासाची आहे, जुन्या चपला घाला.

व्हेर्दोंची दरी गाडीनेच होते, ठिकठिकाणी थांबायच्या जागा आहेत. काही ठिकाणी ७०० मीटर खोल आणि तळाशी हिरवं-निळं पाणी. जवळच मुस्तिए गावात दोन कड्यांच्या मधे साखळीने सोनेरी तारा टांगलाय. खालचा सेंत-क्रुआ तलाव धरणाचा आहे, सत्तरच्या दशकात भरला, ले साल नावाचं गाव त्याखाली गेलं आणि वर नवीन वसवलं. निळ्या पाण्यात बोटी बघताना धरणग्रस्त गावांची आठवण येतेच.

एक्सला चित्रकार सेझानचा डोंगर, सेंत-व्हिक्त्वार, १०११ मीटर, त्याने तो ऐंशीच्या वर वेळा रंगवला. चढू नका, त्याच्या स्टुडिओच्या वरच्या टेकाडावर बाक आहेत, तिथून संध्याकाळी बघत बसा. दर पाच मिनिटांनी रंग बदलतो.

खाण्याचं बायको लिहिते म्हणतेय.

.........

मनोस्ककर

(बायको लिहितेय, यांच्याच आयडीने) शाकाहारींनी एक लक्षात ठेवा, काळ्या ऑलिव्हची चटणी असते तापनाद, दिसायला निरागस पण त्यात अँकोव्ही मासे असतात. नीसकडची कांद्याची पिसालादिएर पण तशीच. विचारूनच घ्या. बिनधास्त खायचं म्हणजे रातातुई (वांगी-टोमॅटोची मिसळ भाजी), तुळशीच्या बहिणीची (बेझिलची) लसूण घातलेली हिरवी पेस्ट टाकून भाज्यांचं सूप, सुप ओ पिस्तू, चीज मात्र वेगळं ठेवायला सांगा, काही चीजमधे प्राण्यांचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं. आणि तुम्हाला आनंद होईल अशी गोष्ट म्हणजे बेसन! नीसला सोक्का म्हणजे सरळ सरळ बेसनाचं धिरडं, लाकडाच्या भट्टीतलं, वर मिरपूड. मार्सेला पानिस, पिठलं घट्ट शिजवून थापायचं, गार झालं की काप करून तळायचे. पाटवडीच ती. एक्सला बदाम आणि खरबुजाच्या पाकाची कालिसों मिळते, हिऱ्याच्या आकाराची, बाबांना आवडेल.

अजून एक, आईंना कापडाच्या दुकानात न्या. प्रोव्हान्सचं म्हणून जे पिवळं-निळं फुलाफुलांचं छापील सुती कापड मिळतं ना, त्याचं जुनं नाव 'आंदिएन', म्हणजे हिंदुस्थानी. आपल्याकडची छिटं मार्सेच्या बंदरात यायची, बायका वेड्या झाल्या त्यांच्यावर, १६४८ पासून मार्सेत नक्कल छापायला लागले, पुढे आर्मेनियन कारागिरांनी पक्का रंग शिकवला. रेशीम आणि लोकरवाल्यांचा धंदा बसला म्हणून १६८६ मधे राजाने बंदी घातली, ती १७५९ पर्यंत होती. तरी लोक घालतच राहिले. मी पहिल्यांदा बाजारात टेबलक्लॉथ उलगडून बघितला तर काठाला कुयऱ्या. अगदी आपल्या शालीवरच्या.

.........

रेल्वेकट्टा

वहिनी, हे नवीनच कळलं. आपल्याकडून गेलेलं अजून एक, आविन्योंच्या नाट्यमहोत्सवात १९८५ मधे इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुकने महाभारत केलं, बुल्बोंच्या दगडाच्या खाणीत, नऊ तास, रात्रभर. मल्लिका साराभाई द्रौपदी. पहाट व्हायला लागली की नाटक संपायचं म्हणतात. ती खाण अजून महोत्सवात वापरतात.

.........

सह्याद्रीची लेक

कामार्गचे डास फार का? मे मधे जायचा विचार पक्का होतोय.

.........

जिप्सी_पाय

फार. ओडोमॉस न्या, लांब बाह्यांचे कपडे न्या. राहायची सोय सहा महिने आधी, त्या दोन दिवसांत गावात खाट मिळत नाही, आम्ही आर्लला राहून बसने गेलो.

.........

जुईची आई

आलो परत! वृत्तांत द्यायला उशीर झाला, माफी असावी. मनोस्ककर आणि वहिनी, तुमच्यामुळे ट्रिप झाली अशी झाली की आई-बाबा अजून त्यातच आहेत.

सें-रेमीला तीन दिवस मिस्त्राल होता. पहिल्या रात्री आई घाबरली, खिडक्या धडधडत होत्या, सकाळी उठून बघतो तर आकाश असं की काय सांगू. ती म्हणाली रात्रभर कुणीतरी झाडून काढलंय. रुसियोंला आईने चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चालली, तळवे लाल करून घेतले. व्हेर्दोंला बाबांना चक्कर आल्यासारखं झालं, आम्ही अर्ध्यातून परतलो, ते ठीकच. पानिस खाऊन आईचं मत, ओवा हवा होता. कुयऱ्यांचा टेबलक्लॉथ घेतलाय, टेबलावर घालायचा नाही म्हणते, देव्हाऱ्याखाली घालणार.

बाबांचं सांगायचं राहिलं. ते मुळात कमी बोलतात. मार्सेला दुपारी जोलिएतला गेलो, कॉर्सिकाची मोठी फेरी लागलेली होती. ते कठड्याला धरून उभे राहिले, बोटीच्या गोल खिडक्या मोजत होते बहुतेक, मग खाली पाण्याकडे बघितलं, मग परत वर. मी फोटो काढायला गेले तर हाताने नको म्हणाले. हॉटेलवर येऊन जेवले, झोपायच्या आधी म्हणाले, उद्या निघायच्या आधी परत जाऊ या का, सकाळचीच वेळ होती ना ती.

सहा वाजता गेलो. टॅक्सीवाल्याला नक्की कुठे सोडायचं ते आम्हालाही सांगता येईना.